नाण्याएवढ्या फरकाचा इतिहास : इलेक्ट्रिक गिटारच्या मानेची जाडी आणि घडण

१/
गिब्सन कंपनीची १९५९ मधील एक 'लेस पॉल' गिटार आणि त्याच कारखान्यातून १९६० मध्ये बाहेर पडलेली दुसरी 'लेस पॉल' शेजारी शेजारी ठेवल्या, तर दुरून दोहोंत भेद दिसत नाही. हातात घेतल्यावर मात्र तो लगेच जाणवतो. पहिलीची मान तळहात भरून टाकते. दुसरीची बोटांत सहज मावते. दोन्ही मानांच्या जाडीतील अंतर जेमतेम दोन मिलिमीटर, म्हणजे पाच रुपयांच्या नाण्याच्या जाडीएवढे. या अंतरावरून वादकांच्या दोन-तीन पिढ्या वाद घालत आल्या आहेत आणि संग्राहक त्यासाठी लाखो रुपये मोजत आहेत. हे अंतर आले कोठून, याचा इतिहास या धाग्यात.

२/
मान म्हणजे गिटारचा तो लांबट भाग, ज्यावर डाव्या हाताची बोटे फिरतात. वादकांच्या बोलीत 'नेक'. तिच्या दर्शनी बाजूस धातूचे पडदे, म्हणजे 'फ्रेट', बसवलेली लाकडी पट्टी असते. तिला फिंगरबोर्ड म्हणतात. मागची बाजू गोलसर तासलेली असते आणि तेथे अंगठा टेकतो. जाडी मोजताना कॅलिपरचे एक टोक मागच्या लाकडावर व दुसरे फिंगरबोर्डच्या माथ्यावर ठेवतात. मोजमाप बहुधा दोन ठिकाणी घेतले जाते : पहिल्या पडद्यापाशी आणि बाराव्यापाशी. धडाकडे जाताना मान हळूहळू जाड होत जाते, म्हणून दोन्ही आकडे सांगणे आवश्यक ठरते.

३/
जाडी कळली तरी अर्धेच कळले. मान आडवी कापली, तर जो आकार दिसेल त्याला 'प्रोफाइल' म्हणतात आणि तो इंग्रजी अक्षरांनी ओळखला जातो. 'सी' म्हणजे अर्धवर्तुळाच्या जवळ जाणारा आकार. 'डी' म्हणजे पाठीशी किंचित सपाट आणि दोन्ही कडांना भरलेला. 'यू' म्हणजे खोल व भरदार. 'व्ही' म्हणजे होडीच्या बुडासारखा, मधोमध कणा असलेला. कण्यापासून कडेपर्यंतच्या भागाला वादक 'खांदे' म्हणतात. दोन मानांची जाडी तंतोतंत सारखी असली, तरी एकीचे खांदे तासलेले आणि दुसरीचे भरलेले असतील, तर हाताला त्या दोन निरनिराळ्या मानाच वाटतात.

४/
मान मुळात जाड का असावी? याचे उत्तर तारांच्या ओढीत आहे. इलेक्ट्रिक गिटारवरील सहा पोलादी तारा नेहमीच्या सुरांत जुळवल्या, की त्यांची एकत्रित ओढ सुमारे ४५ किलो भरते. तांदळाचे जवळजवळ एक पोते मानेच्या टोकाला रात्रंदिवस लटकत असावे, तसा हा भार असतो. त्याने मान धनुष्यासारखी पुढे वाकू पाहते. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. रुंदी तीच ठेवून २५ मिलिमीटर जाडीची मान २० मिलिमीटर केली, तर लाकूड एक पंचमांशच कमी होते, पण ताठपणा जवळजवळ निम्मा होतो. म्हणून लाकूड हाच एकमेव आधार असेपर्यंत जाड मान ही आवडनिवडीची बाब नव्हती.

५/
हा पेच केवळ पाश्चात्त्य कारागिरांपुढे नव्हता. महाराष्ट्रात तो मिरजेने आपल्या रीतीने सोडवला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पटवर्धनांच्या मिरज संस्थानात, शस्त्रांना धार व झिलई देणारे शिकलगार तंतुवाद्यांच्या कामाकडे वळले. या परंपरेत फरीदसाहेब शिकलगार यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. पुढे 'सतारमेकर' हे आडनावच रूढ झाले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांच्या मानेला 'दांडी' म्हणतात, आणि ती आतून पोकळ असते.

६/
पोकळ दांडी दुबळी असेल, हा समज बांबू पाहिलेल्या माणसाला टिकवता येणार नाही. वाकण्याला विरोध करण्याचे काम मुख्यतः बाहेरच्या थरांतील लाकूड करते. गाभ्यातील लाकूड वजन वाढवते, ताठपणात मात्र फारशी भर घालत नाही. म्हणून मिरजेचा कारागीर दांडी रुंद व खोल ठेवतो, आतून कोरून काढतो आणि वरून पट्टीने झाकतो. वाद्य हलके राहते, ओढ सोसते, शिवाय पोकळीमुळे नादालाही साथ मिळते. तारांचा भार पेलण्यासाठी आत पोलादी सळई घालण्याची गरज या रचनेत पडत नाही.

७/
मग हीच युक्ती गिटारला का चालली नाही? कारण हात. तंबोऱ्याच्या तारा मोकळ्या छेडल्या जातात. दांडीवर बोटांनी स्वर दाबायचे नसतात. सतारीत बोटे फिरतात, पण पडदे उंच व कमानदार असल्याने बोट तारेवरच राहते, खालच्या लाकडाला टेकत नाही. मींड घेताना तार आडवी खेचली जाते. गिटारवादकाला मात्र एकाच वेळी चार-पाच तारा निरनिराळ्या पडद्यांवर दाबून स्वरसंघात धरायचे असतात. त्यासाठी संपूर्ण मान अंगठा आणि बोटे यांच्या पकडीत यावी लागते. सतारीची आठ-नऊ सेंटिमीटर रुंद दांडी अशा पकडीत मावणे अशक्यच. थोडक्यात, तारांना मान जाड हवी असते आणि हाताला पातळ. पुढचा सारा इतिहास या ओढाताणीचा आहे.

८/
स्पेनमधून जगभर गेलेल्या गिटारला आतड्याच्या तारा असत. त्यांची ओढ सौम्य होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेत पोलादी तारांचा प्रसार झाला. आवाज मोठा झाला, तसा मानेवरचा भारही वाढला. त्यावर कारागिरांनी दिलेले पहिले उत्तर सरळ होते : अधिक लाकूड. १९२० आणि १९३० च्या दशकांतील अनेक अमेरिकन गिटारींच्या माना आजच्या हाताला बोजड वाटाव्यात इतक्या जाड आणि ठसठशीत 'व्ही' आकाराच्या आहेत. मधला कणा लाकडाला बळ देई आणि तासलेले खांदे बोटांना थोडी वाट करून देत.

९/
दुसरे उत्तर मिशिगन राज्यातील कलामाझू येथे, गिब्सनच्या कारखान्यात सापडले. थॅडियस मॅकह्यू यांनी मानेच्या आत बसणाऱ्या, बाहेरून पिळून कमी-अधिक ताणता येणाऱ्या पोलादी सळईच्या पेटंटसाठी १९२१ मध्ये अर्ज केला. १९२३ मध्ये ते मंजूर झाले. हीच 'ट्रस रॉड'. कोकण किनाऱ्यावरच्या गलबताची डोलकाठी आठवावी. शिडाचा सगळा जोर ती एकट्या जाडीवर सोसत नाही. ताणलेले दोर तिला सावरतात. ट्रस रॉडने मानेसाठी तेच केले. मागे ओढणारी एक शक्ती आत बसली आणि लाकूड एकटे उरले नाही.

१०/
या शोधाचा परिणाम मात्र लगेच दिसला नाही. इलेक्ट्रिक गिटारचा आरंभ तर मानेच्या जाडीचा प्रश्नच नसलेल्या वाद्याने झाला. जॉर्ज बोशाँ आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३२ मध्ये लॉस एंजेलिसहून बाजारात आणलेली गिटार ॲल्युमिनियमची ओतीव होती. आकारावरून तिला 'फ्राइंग पॅन', म्हणजे तळणीचा तवा, हे टोपणनाव मिळाले. ती हवाईयन पद्धतीने मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून धातूची कांब सरकवत वाजवायची. मान मुठीत धरायचीच नसल्याने पाठीचा आकार कसाही चालत असे. अडचण वेगळीच निघाली : मंचावरील दिव्यांच्या उष्णतेने धातू प्रसरण पावे आणि सूर ढळत.

११/
भारतात, विशेषतः मुंबईच्या चित्रपटसृष्टीत, विजेवरची गिटार रुजली ती बहुतांशी याच हवाईयन रूपात. व्हॅन शिपली आणि हजारा सिंग यांनी चित्रपटगीतांच्या धुना या गिटारवर वाजवल्या आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचल्या. शास्त्रीय संगीतात ब्रिजभूषण काबरा यांनी हीच सरकती गिटार आणली. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत ती शिवकुमार शर्मांच्या संतूरसोबत आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीसोबत ऐकू येते. मींड आणि गमक यांना सरावलेल्या कानाला ही गिटार लगेच आपली वाटली, यात नवल नाही. मानेची जाडी हा विषय मात्र त्यामुळे भारतात उशिरा चर्चेत आला.

१२/
उभ्याने, गळ्यात अडकवून वाजवायच्या भरीव इलेक्ट्रिक गिटारचे मोठे पर्व १९५० मध्ये सुरू झाले. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी 'एस्क्वायर' आणली. तिची मान अखंड मेपलची होती आणि धडाला स्क्रूंनी जोडलेली होती. मेपल इतके कठीण लाकूड आहे की सळईची गरज नाही, अशी फेंडर यांची धारणा होती. माना वाकू लागल्या, तेव्हा ती सोडावी लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस ट्रस रॉड आली. ती पाठीमागून खाच पाडून बसवत आणि खाच अक्रोडाच्या गडद पट्टीने बुजवत. जुन्या फेंडरच्या पाठीवरची ती काळसर रेघ म्हणजे या माघारीची खूणच आहे.

१३/
सळई आली, तरी माना ताबडतोब पातळ झाल्या नाहीत. १९५१ मध्ये 'टेलिकास्टर' हे नाव मिळालेल्या गिटारच्या सुरुवातीच्या माना पहिल्या पडद्यापाशीच जवळपास २५ मिलिमीटर भरत. १९५५ ते १९५७ च्या सुमारास फेंडरच्या मानांत 'व्ही' आकार ठळक झाला. दशकाच्या अखेरीस त्या गोलसर आणि सडपातळ होऊ लागल्या. या बदलांना वर्षांच्या काटेकोर चौकटीत बसवता येत नाही, कारण शेवटचा आकार यंत्राने नव्हे, हाताने पट्ट्यावर घासून दिला जाई. टॅडिओ गोमेझ या कारागिराची 'टी. जी.' ही आद्याक्षरे त्या काळातील अनेक मानांच्या बुडाशी पेन्सिलीने लिहिलेली सापडतात. एकाच महिन्यातील दोन माना सारख्या नसणे हाच तेव्हाचा नियम होता.

१४/
येथे एक प्रचलित गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. १९६० च्या दशकातील फेंडरच्या मानांच्या बुडाशी 'ए', 'बी', 'सी', 'डी' यांपैकी एक अक्षर छापलेले असते. अनेक खरेदीदार त्याचा अर्थ प्रोफाइल असा लावतात. ते अक्षर जाडी किंवा आकार सांगत नाही. ते मानेच्या वरच्या टोकाची रुंदी सांगते. 'ए' म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटर, 'बी' सुमारे ४१, 'सी' सुमारे ४४ आणि 'डी' सुमारे ४८. जुन्या गिटारच्या विक्रीत 'सी नेक' हा शब्द आला, की तो रुंदीबद्दल आहे की आकाराबद्दल, हे विचारल्याशिवाय व्यवहार करू नये.

१५/
आता पुन्हा गिब्सनकडे. 'लेस पॉल' १९५२ मध्ये आली. १९५८ पर्यंतच्या तिच्या माना भरदार होत्या : पहिल्या पडद्यापाशी २२-२३ मिलिमीटर, बाराव्यापाशी २५ च्या आसपास. १९५९ मध्ये त्यांचे खांदे किंचित उतरले. १९६० मध्ये जाडी जवळपास २० वर आली. १९५८ ते १९६० या तीन वर्षांतील, लालपिवळ्या छटेच्या 'लेस पॉल स्टँडर्ड' गिटारी दीड हजारांच्या आसपासच बनल्या. तेव्हा त्यांना फारशी मागणी नव्हती आणि १९६१ मध्ये मूळ रूप बंद करण्यात आले. पुढे ब्रिटिश ब्लूज वादकांनी त्या शोधून काढल्या. आज त्या जगातील सर्वांत महागड्या गिटारींत मोडतात आणि '५९ ची मान' हा शब्दप्रयोग मानदंडासारखा वापरला जातो.

१६/
सडपातळ मान का आली? वादनाची रीत बदलली होती. ॲम्प्लिफायरमुळे तार जोरात छेडण्याची गरज उरली नव्हती. तारा बारीक होत होत्या, बोटे वेगाने धावत होती. १९६१ मध्ये आलेल्या आणि पुढे 'एसजी' नाव घेतलेल्या गिटारची जाहिरातच चपळ मानेच्या जोरावर झाली. भार सळईने उचलल्यामुळे जाडी ठरवण्याचा अधिकार प्रथमच हाताकडे आला होता.

१७/
या स्वातंत्र्याची किंमतही होती. गिब्सनच्या माना महोगनीच्या, आणि त्यांचे डोके १७ अंशांनी मागे झुकलेले. सळई पिळण्याची जागा नेमकी मानेच्या निमुळत्या टोकाशी कोरलेली. म्हणजे सर्वांत बारीक ठिकाणीच लाकूड सर्वांत कमी. गिटार उभी ठेवलेली असताना पाठीवर कलंडली, की डोके तेथेच तुटे. १९६० च्या दशकाच्या मध्यास कंपनीने कोन १४ अंशांवर आणला. दशक संपता संपता मानेच्या पाठीवर त्या जागी लाकडाचा एक उंचवटा ठेवला आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी तो पुन्हा काढून टाकला. उंचवट्याने मान मजबूत होत होती, पण वादकांच्या अंगठ्याला तो नकोसा होता. येथेही हातानेच बाजी मारली.

१८/
काहींनी लाकूडच सोडून पाहिले. १९७० च्या दशकात ट्रॅव्हिस बीन आणि क्रेमर यांनी ॲल्युमिनियमच्या माना आणल्या. थंडीत त्या हाताला गार लागत. १९८० च्या सुमारास नेड स्टाइनबर्गर यांनी कार्बन तंतूंनी बळकट केलेल्या, डोके नसलेल्या वाद्यांनी सर्वांना चकित केले. अशी मान दमट हवेत फुगत नाही आणि सहसा वाकत नाही. तरीही बहुसंख्य वादक लाकडाकडेच राहिले. स्पर्शाची सवय ही अभियांत्रिकीपेक्षा चिवट असते.

१९/
पातळपणाची परिसीमा जपानमध्ये गाठली गेली. नागोयाच्या होशिनो गाक्की कंपनीने आपल्या 'आयबानेझ' या नावाखाली १९८७ मध्ये 'आरजी ५५०' ही गिटार आणली. तिची 'विझार्ड' मान अतिवेगवान रॉक व मेटल वादकांसाठी घडवलेली होती : पाठ सपाट, फिंगरबोर्डही जवळपास सपाट. कंपनीच्या अलीकडच्या पुनर्निर्मितीत जाडी पहिल्या पडद्यापाशी १७ आणि बाराव्यापाशी १९ मिलिमीटर आहे. इतके कमी लाकूड ताठ राहावे म्हणून मेपल आणि अक्रोडाच्या पाच पट्ट्या एकमेकींना चिकटवून मान बनवली जाते. प्रत्येक पट्टीच्या रेषांची ओढ निराळी असल्याने एक वाकू पाहते, तेव्हा शेजारची तिला आवरते.

२०/
त्याआधी एका इंग्रज वादकाने वेगळीच वाट धरली होती, आणि तिचा उगम भारतात होता. जॉन मॅकलॉफलिन यांनी एल. शंकर, झाकीर हुसेन आणि विक्कू विनायकराम यांच्यासह १९७० च्या दशकाच्या मध्यास 'शक्ती' हा वृंद उभारला. त्यांच्या गिटारमध्ये पडद्यांमधले लाकूड खोलगट कोरलेले होते आणि मुख्य तारांखाली आडव्या अनुनादी तारा होत्या. बोट लाकडाला टेकत नसल्याने तार सतारीप्रमाणे खेचता येई. गिटारची मान हातासाठी बारीक करण्याची धडपड जगभर चालू असताना या मानेने बोटाखालचे लाकूडच दूर केले. सतार आणि वीणा यांच्या दांडीला ही गोष्ट जन्मापासून ठाऊक होती.

२१/
१९८० च्या दशकात काटा उलट फिरला. फेंडरने १९८२ मध्ये १९५७ आणि १९६२ च्या 'स्ट्रॅटोकास्टर'च्या पुनर्निर्मिती बाजारात आणल्या. १९८८ मध्ये एरिक क्लॅप्टन यांच्या नावाची 'स्ट्रॅटोकास्टर' आली, ती 'व्ही' आकाराची मान घेऊन. क्लॅप्टन यांची आवडती 'ब्लॅकी' ही तीन जुन्या गिटारींचे भाग एकत्र करून जुळवलेली होती. २००४ च्या लिलावात तिला ९,५९,५०० डॉलर मिळाले. ज्या जाड आणि टोकदार माना पूर्वी नाइलाजाने घडल्या होत्या, त्या आता जाणीवपूर्वक, मोजून, त्याच आकारात घडवल्या जाऊ लागल्या. सळई आत असतानाही जाडी परतली, कारण तिला आता स्मृतीचे मोल आले होते.

२२/
भारतीय वादकाला मात्र ही निवड बराच काळ उपलब्ध नव्हती. आयात परवान्यांच्या काळात परदेशी गिटार मिळणे दुरापास्त होते. १९७१ च्या 'दम मारो दम'मधील भूपिंदर सिंग यांची गिटार साऱ्या देशाने ऐकली. तशी गिटार हाती येणे मात्र फार थोड्यांच्या नशिबी होते. मुंबईच्या वाद्यवृंदांतील आणि बीट गटांतील तरुण जी मान मिळेल तीवर हात बसवत. १९९१ नंतर आयात खुली होत गेली, तशी धोबी तलावावरील फुर्ताडोसारख्या जुन्या दुकानांत एकाच भिंतीवर निरनिराळ्या कंपन्यांच्या माना शेजारी शेजारी दिसू लागल्या. तुलना करण्याची चैन ही येथे तुलनेने अलीकडची आहे.

२३/
तुलनेसाठी स्थूलमानाने आकडे असे. पहिला पडदा आणि बारावा पडदा या क्रमाने, मिलिमीटरमध्ये :
• १९५० च्या दशकातील भरदार लेस पॉल : २२-२३ / २५
• १९६० ची सडपातळ लेस पॉल : २०-२१ / २२-२३
• फेंडरची आधुनिक 'सी' : सुमारे २१ / सुमारे २३
• आयबानेझ आरजी ५५० : १७ / १९
टोकाच्या दोन आकड्यांत पहिल्या पडद्यापाशी पाच-सहा मिलिमीटरचे अंतर आहे. फिंगरबोर्डची गोलाईही लक्षात घ्यावी : जुन्या फेंडरची त्रिज्या १८४ मिलिमीटर, गिब्सनची सुमारे ३०५, आयबानेझची ४३०. त्रिज्या जितकी मोठी, तितका फिंगरबोर्ड सपाट.

२४/
या साऱ्यात सह्याद्रीचाही वाटा आहे. फिंगरबोर्डसाठी पूर्वी ब्राझीलचा रोजवूड वापरत. त्याचा पुरवठा आटत गेला आणि १९९२ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कठोर बंदी आली. त्याची जागा घेतली ती आपल्या शिसवाने, 'डालबर्जिया लॅटिफोलिया'ने. २ जानेवारी २०१७ पासून या कुळातील जवळपास सर्व वृक्षांच्या व्यापारावर परवान्याची अट आली, तेव्हा फेंडरने मेक्सिकोतील अनेक गिटारींसाठी पाउ फेरो हे दक्षिण अमेरिकी लाकूड घेतले. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली. मानेच्या जाडीत जो काही चार-पाच मिलिमीटरचा थर फिंगरबोर्डचा असतो, त्यामागे एका वृक्षाचे भवितव्य उभे असते.

२५/
आणि लाकूड म्हटले, की हवामान आलेच. रायगडच्या किनाऱ्यावरील म्हसळा हा एकेकाळी जंजिरा संस्थानाचा महाल. जून ते सप्टेंबर या महिन्यांत तेथील भिंतीही ओल धरतात. अशा हवेत मेपल, महोगनी, शिसव सारेच ओलावा शोषते आणि मानेचा वाक बदलतो. तारा पडद्यांवर खरखरू लागतात किंवा उगाच उंच वाटतात. पातळ मानेत हा बदल लवकर दिसतो, कारण तिच्याजवळ ताठपणाची शिल्लक कमी असते. कोकणात पातळ मानेची गिटार बाळगू नये, असा याचा अर्थ नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी आणि शेवटी वाक तपासावा, सळई एका वेळी पाव वेढ्याहून अधिक पिळू नये आणि हात बसलेला नसेल, तर जाणत्याकडून करून घ्यावे, एवढाच.

२६/
'जाड मानेचा नाद भारदस्त असतो' हे वाक्य दुकानांत वारंवार ऐकू येते. लाकडाचा थोडा परिणाम होत असेलही. इलेक्ट्रिक गिटारच्या नादात मोठा वाटा पिकअप, ॲम्प्लिफायर, तारा आणि वादकाचा हात यांचाच असतो. तसेच पातळ मान म्हणजे आपोआप वेग, हेही खरे नाही. मोठ्या तळव्याच्या वादकाला अतिपातळ मानेवर अंगठा घट्ट आवळावा लागतो आणि मनगट लवकर थकते. लहान हाताला खोल 'यू' आकार तितकाच जाचक. अंगठा मानेवरून वर आणून वाजवणाऱ्यास उतरते खांदे मानवतात. अंगठा पाठीमागे टेकवणाऱ्यास सपाट पाठ बरी पडते. स्वीडनच्या ओला स्ट्रँडबर्ग यांनी तर गोलाई सोडून पैलू पाडलेली मान आणली, ती मनगटाला आराम मिळावा याच विचाराने.

२७/
इतिहासाचा निष्कर्ष साधा आहे. प्रथम जाडी ही लाकडाची गरज होती. पोलादी सळईने ती गरज संपवली, तेव्हा जाडी हाताच्या सोयीची बाब झाली. पुढे ती वेगाची खूण ठरली आणि मग स्मरणरंजनाचा विषय. '५९ ची मान' श्रेष्ठ आहे, असे ठरवणारा कोणताही नियम लाकडात किंवा भौतिकशास्त्रात लिहिलेला नाही. तो बाजाराने आणि आठवणींनी लिहिला आहे. तरुण वादकाने हे जाणले, तर केवळ वर्षाच्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी तो निदान अर्धा तास ती गिटार वाजवून पाहील.

२८/
मिरजेत आजही कारागीर पोकळ दांडी हाताने कोरतो. तिच्या जाडीला अक्षर नाही, तिच्या वर्षाला लिलावात भाव नाही. वाद्य कोणासाठी आहे, पुरुषाच्या गळ्याचा तंबोरा की स्त्रीच्या, वादकाची बैठक कशी, हे विचारूनच माप ठरते. टॅडिओ गोमेझ पट्ट्यावर मान घासत होते, तेव्हा तेही कारखान्यात राहून याच जातीचे काम करत होते. आज यंत्र दशांश मिलिमीटरपर्यंत अचूक मान कापते. ती कोणाच्या हातासाठी कापायची, हा प्रश्न मात्र यंत्राला विचारता येत नाही.